लक्षण साधं, कारण वेगळं

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून थोडा संक्षेप करून येथे देत आहोत.)



रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याला एक व्याख्यान ठेवायचं ठरलं, तेव्हा बँकेतला माणूस म्हणून मला मुदत ठेवी आणि नॉमिनेशन यावर बोलायला सांगतील असं वाटलं होतं. तो विषय मी दुसऱ्याला दिला आणि हा मागून घेतला. कारण असं की, निवृत्तीनंतर सोसायटीत एक काम माझ्याकडे आपोआप आलं आहे. कोणाला दवाखान्यात जायचं असलं आणि मुलं परगावी किंवा परदेशात असली, की सोबत मी जातो. फाइल सांभाळायची, नंबर लावायचा, डॉक्टर सांगतील ते लिहून घ्यायचं. या कामात जे पाहिलं, ऐकलं आणि मग घरी येऊन वाचलं, ते आज सांगणार आहे. मी बी.कॉम. आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे औषध सांगणार नाही. जे सांगणार आहे ते आपल्या फॅमिली डॉक्टरांना दाखवून घेतलेलं आहे. ज्यांचे अनुभव सांगणार आहे त्यांची परवानगी घेतली आहे. नावं मात्र घेणार नाही. ओळखलंत तरी मनात ठेवा!

मंडळी, शरीराजवळ शब्द फार थोडे आहेत. खोकला, थकवा, चक्कर, डोकेदुखी, पोटात गॅस, हातापायाला मुंग्या. एवढ्या पाच-सहा शब्दांत त्याला शेकडो गोष्टी सांगायच्या असतात. बहुतेक वेळा कारण साधंच असतं. खोकला म्हणजे सर्दीचा, चक्कर म्हणजे उन्हाची किंवा रिकाम्या पोटाची. डॉक्टर पहिल्या भेटीत साधं कारण धरून औषध देतात, ते योग्यच आहे. पंचाईत पुढे होते. औषध लागू पडत नाही, पण पहिल्या दिवशी दिलेलं नाव कायम राहतं. "त्यांचा तो खोकला जुनाच आहे", "वयामुळे होतं असं" हे आपणच म्हणायला लागतो. आणि मग जे कारण अगदी घरात, कपाटात किंवा औषधाच्या डब्यात बसलेलं असतं, ते कोणी बघतच नाही.

खोकला

सुरुवात खोकल्यापासून करू. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला असेल तर थुंकीची तपासणी करायची, हा आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा नियम आहे. सरकारी केंद्रात ती फुकट होते. लाजायचं कारण नाही. टीबी बंगल्यातही होतो. ती एक शंका आधी संपवावी.

दुसरी जागा म्हणजे आपला औषधाचा डबा. रक्तदाबासाठी रामिप्रिल, एनालाप्रिल अशा, नावाच्या शेवटी 'प्रिल' येणाऱ्या गोळ्या असतात. चांगल्या गोळ्या आहेत, हृदयाला आणि किडनीला उपयोगी आहेत. या औषधांचा शोधही गमतीदार आहे. ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाने रक्तदाब एकदम उतरतो, हे तिथल्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. त्या अभ्यासातून पुढे या गटातली पहिली गोळी, कॅप्टोप्रिल, १९८१ साली अमेरिकेत वापरात आली. पण या गोळ्यांनी शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ साठतो आणि काही जणांना त्याने घशात सारखी खवखव होऊन कोरडा खोकला येतो. कफ नाही, ताप नाही, नुसती ढास. गोळी सुरू झाल्यावर आठवड्याभरात येईल किंवा काही महिन्यांनीही येईल. म्हणून गोळीचा आणि खोकल्याचा संबंध कोणाच्या डोक्यात येत नाही. आपल्या सी विंगमधले एक गृहस्थ पाच महिने खोकल्याची औषधं पीत होते. रात्री झोप नाही, सौभाग्यवती दुसऱ्या खोलीत झोपायला गेल्या! डॉक्टरांनी गोळी बदलून 'सार्टन' गटातली दिली आणि तीन आठवड्यांत खोकला गेला. पण एक लक्षात ठेवा. गोळी डॉक्टर बदलतील. आपण मनाने बंद करायची नाही. रक्तदाबाची गोळी एकदम सोडली तर खोकल्यापेक्षा मोठं दुखणं ओढवेल.

तिसरं कारण आपल्या खिडकीबाहेर आहे, आणि त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

ए विंगमधल्या एका वहिनींना वर्षभर कोरडा खोकला होता. आधी ॲलर्जी म्हणून औषध, मग ॲसिडिटीचा खोकला म्हणून औषध, मग दमा म्हणून पंप. मध्ये त्या महिनाभर मुलीकडे बंगळूरला गेल्या, तर खोकला जवळजवळ थांबला. सगळे म्हणाले, हवापालट मानवला. परत आल्या आणि चार-सहा दिवसांत पुन्हा सुरू. तेव्हाही सगळे म्हणाले, इथली हवाच वाईट. पुढे दुसरा मजला चढताना धाप लागायला लागली, वजन चार किलो उतरलं. तेव्हा छातीच्या तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी स्टेथोस्कोप लावायच्या आधी विचारलं, "घरात किंवा खिडकीबाहेर कबुतरं आहेत का?" वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या बाल्कनीत, एसीच्या बाहेरच्या युनिटमागे, तीन घरटी होती. रोज सकाळी मूठभर ज्वारी टाकायची ही त्यांच्या सासूबाईंपासूनची रीत.

कबुतराची विष्ठा वाळते, तिची भुकटी होते, पिसांवरची बारीक पावडरही हवेत उडते. त्यातली प्रथिनं श्वासातून फुप्फुसात जातात. सगळ्यांना त्रास होत नाही. पण काहींच्या शरीराला ती प्रथिनं शत्रू वाटतात आणि शरीर आपल्याच फुप्फुसात लढाई सुरू करतं. हा जंतूंचा आजार नाही. म्हणून ॲंटिबायोटिकने बरा होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही. इंग्रजीत त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. लवकर कळलं आणि कबुतरांचा संबंध तुटला तर फुप्फुस पुष्कळ सावरतं. उशीर झाला तर फुप्फुसात व्रण धरतात, ते कडक होतं, आणि ते व्रण मग परत जात नाहीत.

हे फार दुर्मीळ असेल असं मलाही वाटलं होतं. पण आपल्या देशातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी फुप्फुसाच्या अशा दीर्घ आजाराचे १,०८४ रुग्ण नोंदवले, तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४७ टक्के रुग्णांना हाच आजार निघाला. कारणांमध्ये पक्षी होते आणि कूलरही होते. कूलरच्या ओल्या गवतात किंवा जाळीत बुरशी धरते, तीसुद्धा तेच काम करते. म्हणजे कूलर काढताना आणि ठेवताना स्वच्छ धुऊन वाळवून ठेवायचा, हा धडा आहेच.

वहिनींचा एचआरसीटी झाला, निदान पक्कं झालं. घरटी काढली, जाळी बसवली, काही महिने औषध झालं. खोकला गेला. धाप मात्र थोडी राहिली आहे, कारण वर्ष गेलं होतं. ज्वारी टाकणं बंद करताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी पाहिलं आहे. म्हणून कबुतरांना दाणे घालणाऱ्यांची मी थट्टा करणार नाही. भूतदया मोठीच गोष्ट आहे. पण आपल्या डक्टमध्ये चार विंगची मिळून चोवीस स्वयंपाकघरं उघडतात. एकाने टाकलेल्या दाण्याची धूळ चोवीस घरांत जाते. दान करायचं तर ते दुसऱ्याच्या फुप्फुसातून जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि हो, साफ करताना कोरडा झाडू मारू नका. आधी पाणी मारून विष्ठा भिजवा, मास्क लावा. ज्याला खोकला आहे त्याने ते काम करूच नये.

बाथरूममधली चक्कर

आता चक्कर आणि डोकेदुखी. इथे मी सर्वांना, विशेषतः तरुण मंडळींना, कान देऊन ऐकायची विनंती करतो.

आपल्या सोसायटीत शिकायला राहिलेली एक मुलगी, जानेवारीतल्या एका सकाळी बाथरूममध्ये पडली. अशक्तपणा, उपाशीपोटी आंघोळ, असं म्हणून साखरपाणी दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा पडली, आणि या वेळी हातपाय झटकले. फिट आली म्हणून ॲडमिट केलं. मेंदूचा एमआरआय नॉर्मल, ईईजी नॉर्मल, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र ९८ दाखवतंय. फिटच्या गोळ्या सुरू करायचं चाललं होतं. रात्रीच्या पाळीला आलेल्या एका निवासी डॉक्टरने विचारलं, "पाणी कशावर तापवता? गीझर कुठे आहे? आज तुझ्या आधी किती जणींनी आंघोळ केली?" गॅसचा गीझर, तोही बाथरूमच्या आत. थंडी म्हणून वरची काचेची पट्टी बंद. आणि तिच्या आधी तिघींच्या आंघोळी झालेल्या.

काय होतं पाहा. बंद बाथरूममध्ये गॅस जळत राहिला की तिथला ऑक्सिजन कमी होतो. मग गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आपल्या सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळ्यांची जळजळ नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून बसतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि दार उघडायला हवं हे सुचायच्या आत माणूस कोसळतो. बोटाचं ते यंत्र फसतं, कारण त्याला ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन सारखंच दिसतं. रक्ताची खास तपासणी असते, पण मोकळ्या हवेत आल्यावर चार-पाच तासांत हा वायू निम्मा उतरतो. संध्याकाळी रक्त घेतलं तर सकाळचा पुरावा बराचसा पुसलेला असतो. म्हणून इथे निदान होतं ते प्रश्नाने. गीझर कुठे आहे, एवढ्या एका प्रश्नाने.

ती मुलगी वाचली, कारण दोन्ही वेळा मैत्रिणीने दार ढकललं आणि कडी ढिली होती. दर थंडीत वर्तमानपत्रात जी बातमी येते, त्यातली कडी घट्ट असते.

तेव्हा खुणा लक्षात ठेवा. त्रास फक्त बाथरूममध्ये किंवा आंघोळीनंतर लगेच होतो. थंडीत होतो. उशिरा आंघोळ करणाऱ्याला जास्त होतो. बाहेर आल्यावर बरं वाटतं. घरात एकापेक्षा जास्त जणांचं डोकं दुखतं. यातलं काहीही असलं तर गॅसचा गीझर वापरणं त्याच दिवशी थांबवा. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत हवा. तो बदल होईपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मग आंघोळीला जा. कोणी कोसळलंच तर दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. डॉक्टरांना गीझरचं आपण होऊन सांगा.

सगळी चक्कर अशी भयंकर नसते. अंथरुणात कूस बदलली, किंवा वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली, की घर गरगर फिरतं आणि अर्ध्या-एक मिनिटात थांबतं. आपण म्हणतो, मानेचा स्पॉन्डिलायसिस, आणि पट्टा लावतो. पुष्कळदा दोष कानात असतो. आतल्या कानात तोल सांभाळण्यासाठी चुन्याचे अगदी बारीक कण असतात. ते जागा सोडून भलत्या नळीत गेले की अशी चक्कर येते. अमेरिकेतले कानाचे डॉक्टर जॉन एपली यांनी डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण जागेवर आणायची पद्धत शोधली. काही मिनिटांचं काम, गोळी नाही, सुई नाही. आमच्या कट्ट्यावरच्या दोघांची चक्कर अशी टेबलावरच गेली आहे. मात्र चक्करेबरोबर बोलणं अडखळत असेल, चेहरा वाकडा होत असेल, एक हात-पाय लुळा पडत असेल, तर कानाचा विचार करत बसायचं नाही. तडक मोठं हॉस्पिटल गाठायचं.

थकवा, मुंग्या आणि रक्त कमी

थकव्याबद्दल बोलताना मला आधी एक जुनी गोष्ट सांगायची आहे, कारण ती आपल्या मुंबईतली आहे. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज बाई मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांमध्ये गरोदरपणी रक्त फार कमी होऊन मृत्यू होत होते, त्याचा शोध त्यांना घ्यायचा होता. बायका फिक्या, थकलेल्या. वरून पाहिलं तर रक्तक्षयाच्या कोणत्याही रुग्णासारख्याच. पण बाईंनी त्या काय खातात ते पाहिलं, आणि त्यांना मार्माइट नावाचं यीस्टचं स्वस्त सार देऊन बघितलं. रक्त वाढलं. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या सारातला घटक म्हणजे पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आज प्रत्येक गरोदर बाईला ती गोळी मिळते. फिकेपणा एकच, पण उणीव कशाची आहे ते शोधावं लागतं, हे त्या बाईंनी मुंबईत दाखवून दिलं.

आपल्या वयात उणीव बहुधा बी-१२ ची असते. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नाही. शाकाहारी माणसाला ते दूधदुभत्यातूनच मिळतं. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची पँटोप्रॅझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर जे मिळतं तेही नीट शोषलं जात नाही. शरीरात त्याचा साठा काही वर्षांचा असतो, म्हणून तूट हळूहळू, गाजावाजा न करता येते. तळपायाला मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणं, जीभ लाल होऊन झोंबणं, विसरभोळेपणा, चिडचिड. मधुमेही माणसाला मुंग्या आल्या की साखरेवर ढकलतात, आणि विसरायला लागला की वयावर. दोन्ही खरं असू शकतं. पण एका साध्या रक्ततपासणीने कळणारी आणि भरून काढता येणारी गोष्ट तपासायची राहू नये. मनाने नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या खाऊ नका. त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि बी-१२ वाचून नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. थायरॉइडचंही असंच. थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणं, आवाज घोगरा होणं, मन उदास राहणं; सुनेला वाटतं सासूबाई रुसल्यात, आणि असतं थायरॉइड.

आता लोहाबद्दल मी बँकेच्या भाषेत सांगतो. एखाद्या खात्यातली शिल्लक सारखी कमी होत असेल, तर आपण नुसते पैसे भरत राहतो का? आधी उतारा काढून नावे बाजूला काय पडतंय ते बघतो. साठीपुढच्या पुरुषाचं आणि पाळी थांबलेल्या बाईचं लोह कमी झालं, तर लोहाच्या गोळ्या म्हणजे नुसता भरणा. रक्त जातंय कुठे ते शोधलं पाहिजे. गुडघेदुखीसाठी खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्यांनी किंवा ॲस्पिरिनने जठरात व्रण होऊन थेंब थेंब रक्त जातं. मूळव्याध असते. आणि कधी मोठ्या आतड्यात गाठ असते, जी वेळेवर सापडली तर काढता येते. शौचाला डांबरासारखं काळं होत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, संकोच करू नका. (लोहाच्या गोळीनेही काळं होतं, म्हणून गोळी चालू असेल तर तेही सांगा.) आणखी एक गमतीची खूण आहे. घरात कोणाला बर्फ कडाकडा चावायची, कच्चे तांदूळ, खडू किंवा माती खायची अनावर इच्छा होत असेल, तर रागवू नका. लोह तपासा.

एकाएकी बावरलेला माणूस

म्हातारा माणूस एकदम असंबद्ध बोलायला लागला, दिवस-रात्र विसरला, की आपण म्हणतो, झालं, आता हे असंच चालायचं. मंडळी, स्मृतिभ्रंश वर्षांच्या हिशेबाने येतो. जो बदल दोन-चार दिवसांत होतो, तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कशाचा असतो आणि पुष्कळदा बरा होतो.

बी विंगमधले एक निवृत्त गुरुजी, रोज शब्दकोडं सोडवणारे. चार दिवसांत मुलाला ओळखेनात, जिन्यात बसून राहिले. नातेवाईक वृद्धाश्रमाची चौकशी करायला लागले. रक्तातलं सोडियम तपासलं, ते ११६ निघालं. ते १३५ ते १४५ असायला हवं. महिन्याभरापूर्वी रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली होती, त्यात मीठ पूर्ण बंद आणि आरोग्यासाठी म्हणून दिवसाला चार लिटर पाणी. सोडियम हळूहळूच वाढवावं लागतं, घाईने वाढवलं तर मेंदूला इजा होते. म्हणून ते आठवडाभर दवाखान्यात होते. घरी आले आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे कोड्यातला आडवा सात विचारायला आले! लघवीच्या जंतुसंसर्गानेही म्हाताऱ्या माणसाचं असंच होतं. कधी जळजळ नाही, ताप नाही, फक्त बावरणं.

तसंच डोक्याच्या माराचं. वयाने मेंदू थोडा आकसतो, त्याच्या वरच्या बारीक शिरा ताणल्या जातात. कपाटाचं दार डोक्याला लागलं, जरासं टेंगूळ आलं, विसरून गेलो. पण आत शिरेतून हळूहळू रक्त झिरपत राहतं आणि दोन-चार आठवड्यांनी डोकं दुखतं, झोप जास्त येते, एक पाय ओढत चालतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका अधिक. सीटी स्कॅनमध्ये ते दिसतं, आणि कवटीला छोटं भोक पाडून रक्त काढलं की माणूस पुष्कळदा पहिल्यासारखा होतो. म्हणून डॉक्टर विचारतात, "महिन्याभरात कुठे पडला होतात का?" तेव्हा "छे, काही नाही" म्हणू नका. कपाटाचं दारसुद्धा सांगा.

गॅस

शेवटचा विषय आपल्या सर्वांचा लाडका, गॅस. छातीच्या मध्यभागी किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब, दरदरून घाम, जबडा किंवा डावा हात दुखणं, धाप, मळमळ. याला ओवा, सोडा, आल्याचा रस देऊन तासभर वाट बघायची ही आपली जुनी सवय. हा हार्ट अटॅक असू शकतो. बायकांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये तर कधी कधी छातीत दुखतही नाही. नुसता न समजणारा थकवा किंवा धाप. गॅसच असेल तर ईसीजीने काही बिघडणार नाही. नसेल, तर तो तासच सगळं ठरवतो. रात्री दोन वाजता शेजाऱ्याला उठवायला संकोच वाटतो ना? माझी बेल वाजवा. मी आधीच जागा असतो!

आपण काय करायचं

हे सगळं ऐकून घरी जाऊन प्रत्येक खोकल्याला कबुतर आणि प्रत्येक डोकेदुखीला रक्तस्राव म्हणू नका. मोबाइलवर लक्षणं टाकून रात्र जागवू नका. निदान डॉक्टरच करतील. पण त्यांच्याकडे दहा मिनिटं असतात. त्या दहा मिनिटांत त्यांना नीट माहिती देणं हे आपलं काम आहे. मी सोबत जातो तेव्हा एका कागदावर एवढं लिहून नेतो:

१. त्रास कोणत्या तारखेला सुरू झाला. "बरेच दिवस झाले" असं नाही, तारीख किंवा निदान महिना.

२. कधी वाढतो, कधी कमी होतो. घरात की बाहेर, रात्री की दिवसा, गावाला गेल्यावर काय होतं.

३. आधीच्या तीन महिन्यांत काय बदललं. नवी गोळी, नवा गीझर, घरात रंगकाम, पडणं, आहारातला बदल.

४. सगळी औषधं एका पिशवीत घालून न्यायची. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, शेजाऱ्याने दिलेली, सगळी.

५. घरात आणखी कोणाला तसाच त्रास आहे का.

६. वजन उतरतंय का, संध्याकाळी ताप येतो का, शौचातून रक्त जातं का.

आणि सांगितलेल्या मुदतीत बरं वाटलं नाही, तर परत जाऊन नम्रपणे एक प्रश्न विचारायचा: "डॉक्टर, हे दुसऱ्या कशामुळे असू शकेल का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. मी आजवर अनेकांना विचारला आहे. बहुतेकांनी पेन खाली ठेवून पुन्हा पहिल्यापासून ऐकून घेतलं आहे.

जाता जाता व्यवस्थापक समितीला दोन विनंत्या. रंगरंगोटी आणि रोषणाई व्हायलाच हवी, पंचवीस वर्षं पुन्हा येत नाहीत. पण त्याच खर्चात चारही डक्टना जाळ्या बसवा आणि थंडीच्या आधी ज्या ज्या घरात गॅसचा गीझर बाथरूमच्या आत आहे, त्यांची यादी करून तो बाहेर हलवायला सांगा. भाडेकरूंची घरं आधी. ती मुलं परकी आहेत, त्यांचे आईवडील लांब आहेत, आणि त्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं. येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदनाला कट्ट्यावरचे सगळे हात वर व्हावेत.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मध्ये खोकलातही कमी, त्याबद्दल आभार. सर्वांना निरोगी दीर्घायुष्य लाभो आणि सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेतही आपल्यापैकी बऱ्याच जणांचे लेख असोत, ही सदिच्छा.